संत निकोलस ते नाताळबाबा : एका गुप्तदानाचा प्रवास

आगमनकाळ सुरू झाला की पिंपरी-चिंचवडच्या आपल्या वसाहतींत दोन तयाऱ्या एकाच वेळी चालू होतात. एकीकडे चर्चमध्ये जांभळी वस्त्रे येतात आणि घराघरांत गव्हाणीसाठी गवत, रंगीत कागद, दिव्यांच्या माळा जमू लागतात. दुसरीकडे सिग्नलपाशी लाल टोप्या विकायला येतात आणि दुकानांच्या दारांत पांढऱ्या दाढीचा, तांबड्या अंगरख्याचा नाताळबाबा उभा राहतो. मोठ्यांना यात काही विशेष वाटत नाही. मुलांचे मात्र तसे नसते. तीन-चार वर्षांच्या बालकाच्या लेखी गव्हाणीतील बाळ येशू आणि दुकानाच्या दारातील नाताळबाबा हे दोघेही सारखेच खरे असतात. किंबहुना हातात भेटवस्तू देणारा नाताळबाबाच त्याला अधिक जवळचा वाटतो.

पुढे हेच मूल सात-आठ वर्षांचे होते आणि एके दिवशी आईला विचारते, "नाताळबाबा खरंच असतो का गं?" येथे आईवडिलांची पंचाईत होते. 'हो' म्हणावे तर खोटे बोलल्यासारखे होते. 'नाही' म्हणावे तर मुलाचा आनंद हिरावून घेतल्यासारखे वाटते. शिवाय मनात आणखी एक धास्ती असते. आज नाताळबाबा खोटा ठरला, तर उद्या हे मूल देवाविषयीही हाच प्रश्न विचारणार नाही ना? धर्मग्रामातील पालक ही शंका धर्मगुरूंपुढे वरचेवर मांडतात. तिचे उत्तर एका वाक्यात देण्यापेक्षा हा नाताळबाबा मुळात आला कोठून, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. आपल्याला हवे असलेले उत्तर त्या इतिहासातच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मायरा नगरीचे बिशप

आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यालगत देमरे नावाचे गाव आहे. प्राचीन काळी तेथे लिसिया प्रांतातील मायरा ही नगरी नांदत होती. चौथ्या शतकात निकोलस हे या नगरीचे बिशप होते. त्यांच्या हयातीत कोणी त्यांचे चरित्र लिहून ठेवलेले नाही. जी विस्तृत चरित्रे आज उपलब्ध आहेत, ती त्यांच्यानंतर काही शतकांनी लिहिली गेली. त्यामुळे त्यांच्याविषयीच्या कथांत इतिहास किती आणि भक्तांच्या प्रेमाने घातलेली भर किती, हे काटेकोरपणे सांगता येत नाही. परंतु सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलसारख्या राजधानीत त्यांच्या नावाचे मंदिर होते, यावरून त्यांची कीर्ती किती लवकर आणि किती दूरवर पसरली होती ते कळते.

त्यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा हुंड्याची आहे. मराठी माणसाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. एका गृहस्थाला तीन मुली होत्या. एके काळचे त्याचे वैभव लयाला गेले होते. हुंड्याला पैसा नाही, म्हणून मुलींची लग्ने होईनात. आणि शेवटी मुलींना देहविक्रयाच्या मार्गाला लावण्याचा विचार त्याच्या मनात आला. ही गोष्ट तरुण निकोलसांच्या कानी गेली. रात्रीच्या अंधारात ते त्या घराशी गेले, खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली आणि गुपचूप निघून गेले. त्या सोन्यावर थोरलीचे लग्न झाले. काही काळाने दुसरी पुरचुंडी आली, मग तिसरी. तिसऱ्या वेळी मुलींचा बाप जागा राहिला होता. त्याने धावत जाऊन दात्याला गाठले आणि त्याचे पाय धरले. तेव्हा निकोलसांनी त्याला एकच अट घातली : मी जिवंत आहे तोवर हे कोणाला सांगू नकोस.

तेराव्या शतकात याकोबुस दे व्होराजिने या डोमिनिकन संन्याशाने आपल्या संतचरित्रांच्या संग्रहात ही कथा सांगितली आणि ती युरोपभर पोहोचली. महाकवी दांते यांनी आपल्या काव्याच्या 'शुद्धिस्थान' या भागात औदार्याचा दाखला म्हणून तिचा उल्लेख केला आहे. १०८७ साली इटलीतील बारी येथील खलाशांनी संत निकोलसांचे अवशेष मायराहून आपल्या शहरात नेले. तेव्हापासून बारी हे मोठे यात्रास्थान बनले. पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील, दोन्ही परंपरांचे ख्रिस्ती भाविक आजही तेथे जातात. ६ डिसेंबर हा या संताचा सण. १९६९ साली ख्रिस्तसभेने संतांच्या दिनदर्शिकेची फेररचना केली, तेव्हा या सणाचे पालन ऐच्छिक ठरले. परंतु काहींचा समज आहे त्याप्रमाणे संत निकोलसांचे नाव वगळण्यात आले नाही.

या कथेतील तीन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, दान गुप्त होते. दुसरी, ते हौसेसाठी नव्हते, एका कुटुंबावरचे संकट निवारण्यासाठी होते. तिसरी गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही : ज्या घरात ते सोने पडले त्या घरचा कर्ता काही सद्वर्तनी नव्हता. पोटच्या पोरींना विकायला निघालेला तो माणूस होता. तरीही निकोलसांनी त्याच्या वर्तनाचा हिशेब मांडला नाही. त्यांनी फक्त गरज पाहिली.

संताचा झाला नाताळबाबा

मध्ययुगात युरोपच्या अनेक भागांत संत निकोलसांच्या सणाला मुलांना खाऊ व भेटी देण्याची रीत पडली. जर्मनीत आजही ५ डिसेंबरच्या रात्री मुले आपले बूट स्वच्छ पुसून दाराशी ठेवतात. चाकणच्या कारखान्यांत कामानिमित्त राहिलेल्या एखाद्या जर्मन कुटुंबाला विचारले, तर ते सांगेल की त्यांच्याकडे ६ तारखेला येणारा निकोलस बिशपांची उंच टोपी घालतो आणि हातात धर्मदंड धरतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी भेटी आणणारा तो वेगळाच. याचे कारण धर्मसुधारणेच्या इतिहासात आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर आणि त्यांचे अनुयायी यांना संतांची भक्ती मान्य नव्हती. त्यांनी भेटींचा दिवस नाताळकडे नेला आणि भेटी बाळ ख्रिस्त आणतो असे मुलांना सांगण्याची प्रथा पाडली. नेदरलँड्समध्ये मात्र विरोध होऊनही लोकांनी आपला 'सिंटरक्लास' सोडला नाही.

या सिंटरक्लासचे नाव डच वसाहतकारांच्या आठवणींतून अमेरिकेत उरले. न्यूयॉर्क शहर मूळचे डचांचे. १८०९ साली वॉशिंग्टन आयर्विंग या लेखकाने त्या शहराचा एक विनोदी इतिहास लिहिला व त्यात या संताला खेळकर रूप दिले. २३ डिसेंबर १८२३ रोजी ट्रॉय नावाच्या गावातील वृत्तपत्रात एक निनावी कविता छापून आली. ती पुढे क्लेमंट मूर यांच्या नावे प्रसिद्ध झाली. त्या कवितेत घसरगाडी, आठ रेनडिअर आणि धुराड्यातून उतरणारा गुबगुबीत म्हातारा अवतरला. १८६३ पासून चित्रकार थॉमस नास्ट यांनी साप्ताहिकातील चित्रांतून त्याला चेहरा दिला. १९३१ सालापासून एका शीतपेयाच्या जाहिरातींसाठी हॅडन संडब्लोम यांनी रंगविलेली चित्रे जगभर गेली. नाताळबाबाचा तांबडा पोशाख या जाहिरातींनी निर्माण केला असे पुष्कळदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. तो त्याआधीच रूढ झालेला होता. जाहिरातींनी तो सर्वत्र पोहोचविला, एवढे खरे.

या प्रवासात बिशपांची टोपी गेली, क्रूस गेला, धर्मदंड गेला. पण सर्वांत मोठी हानी निराळीच आहे. मूळ कथेतील गरीब घर गेले. दाता राहिला, पोतडी राहिली, रात्र राहिली. ज्या अडल्यानडलेल्यांसाठी हे सारे होते, ती माणसेच गळाली. त्यांच्या जागी एक नवी गोष्ट आली : चांगल्या मुलांची आणि वाईट मुलांची यादी. हा हिशेब अमेरिकेत सुरू झाला असे नव्हे. युरोपातही गुणी मुलाला खाऊ आणि व्रात्याला छडी अशी वाटणी होत असे. परंतु हुंड्याच्या त्या मूळ कथेत तिला थारा नाही. मुलांना वळण लावण्याची सोय म्हणून मोठ्यांनीच ती जोडली. आपल्याकडे आया बागुलबुवाची भीती घालून मुलाला झोपवीत आल्या आहेत. भीतीचे काम बागुलबुवाकडून करून घ्यायचे आणि लोभाचे नाताळबाबाकडून, असा हा प्रकार आहे.

आपल्या दारी

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला नाताळबाबाची ओळख तुलनेने अलीकडची. 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले, त्यात प्रभुजन्माची कथा मराठी ओव्यांत अवतरली. तेव्हापासून आपल्या नाताळची मध्यवर्ती माणसे ठरलेली होती : बाळ येशू, मरियामाता, संत योसेफ, मेंढपाळ आणि पूर्वेकडील ज्ञानी पुरुष. गोव्यात ६ जानेवारीला रेइश मागुश, कासावली व चांदर येथे तीन राजांचा सण होतो. मुकुट घातलेले तीन मुलगे राजे बनून मिरवतात. हे राजेही भेटी आणणारेच. पण त्यांच्या भेटी आपल्यासाठी नसतात. त्या बाळ येशूसाठी असतात. तेथे मूल आपल्याला काय मिळणार याची वाट पाहत नाही, ते स्वतःच देणाऱ्याच्या वेषात उभे असते.

मग नाताळबाबा आपल्या या भागात एवढा रुजला कसा? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले आणि मोरया गोसावींच्या चिंचवडभोवती बघता बघता कारखान्यांची नगरी उभी राहिली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणमध्ये १९९९ साली बजाज आणि २००९ साली फोक्सवॅगन आले. या रोजगारामागे नगर जिल्ह्यातून, जालन्याहून, वसईहून, गोव्याहून, मंगळूरहून, केरळ-तामिळनाडूतून ख्रिस्ती कुटुंबे आली. प्रत्येकाने आपला नाताळ बरोबर आणला. कोणाचा भजनांचा, कोणाचा कुसवाराच्या ताटांचा, कोणाचा दारावरच्या तारेचा. परंतु एकाच इमारतीत राहणाऱ्या, एकाच शाळेत जाणाऱ्या मुलांना सर्वांचा म्हणून एकच नाताळ हवा होता. नाताळबाबाला भाषा लागत नाही, गाव लागत नाही, श्रद्धाही लागत नाही. म्हणून तो सर्वांचा झाला. आज शेजारची हिंदू वा मुस्लिम मुलेही आपला सण त्याच्याच चेहऱ्याने ओळखतात, आणि एखादे मूल निरागसपणे विचारते, "हाच ना तुमचा देव?"

याच वसाहतींत त्या यादीचे खरे दुखणेही दिसते. एकाच जिन्यावर दोन घरे असतात. एका घरचा कर्ता कायम कामगार. दुसऱ्या घरचा कंत्राटी, ज्याला उत्पादन मंदावले की डिसेंबरातच घरी बसावे लागते. दोन्ही घरच्या मुलांना शाळेत सांगितलेले असते की नाताळबाबा चांगल्या मुलांना भेटी देतो. २५ तारखेच्या सकाळी एकाला सायकल मिळते आणि दुसऱ्याला साधी पेन्सिलींची पेटी. दुसऱ्या मुलाने वर्षभर शहाण्यासारखे वागून, धाकट्या बहिणीला सांभाळून, रात्रपाळीहून आलेल्या वडिलांची झोपमोड होऊ न देता अभ्यास केलेला असतो. तरीही त्या कोवळ्या मनाने काय निष्कर्ष काढायचा? आपण वाईट आहोत, हाच. बापाच्या रिकाम्या खिशाची शिक्षा मुलाच्या चारित्र्याला होते. नाताळबाबा आहे की नाही, या प्रश्नाहून हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. ज्या प्रभूने श्रीमंतांचे माडीघर सोडून गव्हाणी पत्करली, त्याच्या जन्मदिनी गरिबाच्या लेकराला स्वतःविषयी हा धडा मिळावा, हे आपल्याला मानवणार आहे काय?

तीन उत्तरे

मुलांच्या प्रश्नाला मोठ्यांनी आजवर कशी उत्तरे दिली, त्याचे तीन दाखले पाहण्याजोगे आहेत.

१८९७ साली न्यूयॉर्कमध्ये व्हर्जिनिया ओहॅनलन या आठ वर्षांच्या मुलीने वडिलांना हाच प्रश्न विचारला. वडिलांनी स्वतः उत्तर न देता तिला 'सन' या वृत्तपत्राला विचारायला सांगितले. त्या पत्राने २१ सप्टेंबर रोजी अग्रलेख लिहून नाताळबाबा आहे असा निर्वाळा दिला : प्रेम आणि औदार्य जसे आहेत, तसाच तोही आहे, असा त्याचा आशय होता. लेख फार गाजला. फ्रान्सिस चर्च हे त्याचे लेखक, हे पुढे उघड झाले. तरीही एक गोष्ट खटकते. प्रश्न वडिलांना होता. उत्तर वर्तमानपत्राने दिले.

दुसरा दाखला फ्रान्समधील दिजॉन शहराचा. २३ डिसेंबर १९५१ रोजी तेथील कॅथीड्रलसमोर धर्मशिक्षणाच्या शेकडो मुलांदेखत नाताळबाबाचा पुतळा जाळण्यात आला. धर्मगुरूंची त्याला संमती होती. या सणातून ख्रिस्ताला हद्दपार केल्याचा आरोप त्याच्यावर होता. दुसऱ्याच दिवशी नगरभवनाच्या छपरावर नाताळबाबा पुन्हा प्रकट झाला. मौज अशी की त्या शहराचे महापौर कानोन फेलिक्स कीर हे स्वतः धर्मगुरू होते. या प्रसंगावर मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९५२ साली एक निबंध लिहिला. नाताळबाबाचे रहस्य ठाऊक असणे हीच लहान आणि मोठे यांच्यातील सीमारेषा आहे, जणू तो एक दीक्षाविधीच आहे, असे निरीक्षण त्यांनी मांडले.

तिसरा दाखला ताजा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सिसिलीतील नोतो धर्मप्रांताच्या तत्कालीन बिशपांनी मुलांसमोर बोलताना नाताळबाबा अस्तित्वात नाही असे सांगून टाकले. संत निकोलसांचे स्मरण व्हावे व बाजारूपणाला आळा बसावा, हाच त्यांचा हेतू होता. पालक मात्र नाराज झाले आणि धर्मप्रांताला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली.

वर्तमानपत्राचा होकार, दिजॉनची आग आणि नोतोचा नकार, या तिन्हींत एक समान उणीव आहे. मुलाला काय मानावे हे सांगितले गेले. आता त्याने काय करावे, हे कोणीच सांगितले नाही.

खेळ आणि खोटे

येथे पालकांच्या मनातील टोचणीचाही विचार केला पाहिजे. नाताळबाबाची गोष्ट सांगणे हे पाप आहे काय? संत ऑगस्टिन यांनी खोटेपणावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि असत्याला त्यांनी कोठेही सवलत दिली नाही. पण थट्टेला त्यांनी खोटे मानले नाही, आणि दृष्टांतकथाही त्यांनी असत्यात धरल्या नाहीत. संत थॉमस अक्वायनस यांनी अधिक कडक भूमिका घेऊन गमतीचे असत्य, सोयीचे असत्य आणि अपाय करणारे असत्य असे तीन प्रकार पाडले. त्यांनी पहिले दोन क्षम्य दोष मानले, पण निर्दोष म्हटले नाही. या विवेचनातून आपल्याला एक व्यवहारी मर्यादा आखता येते. तीन वर्षांच्या मुलाबरोबर नाताळबाबाचा खेळ खेळणे आणि आठ वर्षांच्या मुलाने डोळ्यांत डोळे घालून, खरे जाणून घेण्यासाठी विचारल्यावर त्याला फसविणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला खेळ आहे, त्यात दोघेही आनंद घेतात. दुसऱ्यात विश्वासाचा भंग आहे. ख्रिस्तसभेच्या विधिनियमांनुसार सात वर्षे पूर्ण झाली की मुलाला विवेकाची जाण आली असे गृहीत धरले जाते. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या तयारीचा काळ तो हाच. ज्या तोंडाने आपण त्याला पवित्र भाकरीचे रहस्य सांगणार, त्याच तोंडाने त्याच्या सरळ प्रश्नाला वाकडे उत्तर देऊ नये.

मग देवाविषयीच्या शंकेचे काय? ती धास्ती रास्त आहे, पण तिच्यावरचा उपाय नाताळबाबाचे सोंग लांबविणे हा नव्हे. खरे विचारल्यावर आईवडील खरे सांगतात, हा अनुभव मुलाच्या श्रद्धेचा मोठा आधार असतो. शिवाय देवाला आपण नाताळबाबासारखे रंगविले नसेल, म्हणजे शहाणपणाच्या बदल्यात वस्तू देणारा असे चित्र उभे केले नसेल, तर एक पडला म्हणून दुसरा पडत नाही.

म्हणून पालकांना सुचवावेसे वाटते ते असे. मूल लहान आहे तोवर खेळ खुशाल चालू द्या. पण 'शहाणा असलास तरच' ही अट त्यात घालू नका. महागडी भेट द्यायची असेल तर ती आईबाबांची म्हणून द्या, नाताळबाबाची म्हणून देऊ नका. म्हणजे शेजारच्या मुलाला आपण उणे आहोत असे वाटणार नाही. ६ डिसेंबरला घरी संत निकोलसांची गोष्ट सांगा. गव्हाणी मुलांच्या हातून सजवून घ्या. १२२३ साली ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस यांनी गवत, बैल आणि गाढव एवढ्यावर नाताळ उभा केला होता, हेही त्यांना कळू द्या. आणि ज्या दिवशी तो प्रश्न येईल, त्या दिवशी मुलाला जवळ बसवून सांगा : "फार पूर्वी निकोलस नावाचे एक खरे बिशप होते. त्यांनी जे केले, ते आम्ही तुझ्यासाठी करत होतो. आता तू मोठा झालास. आता तुझी पाळी."

ही पाळी नुसती बोलण्यात राहू नये. आईवडिलांबरोबर जाऊन मुलाने एखाद्या अडलेल्या घराच्या दाराशी तांदूळ, तेल, साखर, एखादी वही अशी पिशवी ठेवून यावे, आणि कोणाला सांगू नये. शाळेतील मित्राला नाही आणि फादरांनाही नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू न देण्याविषयी जे शिकविले, ते आठ वर्षांच्या मुलालाही सहज समजते. कारण गुपित राखण्याचा आनंद त्याच्याइतका कोणालाच होत नाही. ज्या कुटुंबाकडे स्वतःसाठीच पुरेसे नाही, त्या घरचे मूलही हे करू शकते. आजारी शेजारणीचे पाणी भरून ठेवायलाही पैसे लागत नाहीत. तेव्हा ज्याला सायकल मिळाली तो आणि ज्याला पेन्सिलींची पेटी मिळाली तो, दोघेही एकाच रांगेत येतात. दोघेही देणारे होतात.

आपल्या धर्मग्रामातील मुलांना या आगमनकाळात बाळ येशूच्या पायाशी असे एखादे गुपित ठेवता येवो, आणि ते राखण्याचे बळ त्यांच्या आईवडिलांनाही मिळो, हीच प्रार्थना.